फोटोतली फिगर, हातातली फिगर

जून २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात निन्टेन्डोने 'अमीबो' नावाच्या, मुठीत मावतील एवढ्या फिगर्स पहिल्यांदा लोकांसमोर ठेवल्या. तळाच्या चकतीत एनएफसी चिप आणि वर मारिओ, लिंक, सॅमस अशी गेममधली ओळखीची मंडळी. नोव्हेंबरमध्ये 'सुपर स्मॅश ब्रदर्स'च्या वी यू आवृत्तीबरोबर त्या अमेरिकेतल्या दुकानांत आल्या, आणि घेणाऱ्यांनी जूनमधले फोटो शेजारी ठेवून पाहायला सुरुवात केली. लिंकच्या अंगरख्याखालून एक पिवळट, अर्धपारदर्शक खांब तळापर्यंत उतरला होता. रंगाच्या बारीक छटा गेल्या होत्या आणि चेहरे सपाट झाले होते. यात कोणी कोणाला फसवलं नव्हतं. प्रदर्शनातले नमुने निगुतीने रंगवलेले असतात. दुकानातली वस्तू मात्र १२.९९ डॉलरला विकायची होती, त्यामुळे ती साच्यातून मोठ्या संख्येने निघाली होती.

फिगर घेणाऱ्याची खरी परीक्षा इथेच होते. ॲनिमे आणि गेमच्या बहुतेक चांगल्या फिगर्स प्री-ऑर्डरवर विकल्या जातात. कंपनी रंगवलेल्या नमुन्याचे फोटो दाखवते, काही आठवडे नोंदणी खुली ठेवते, आणि वस्तू हातात पडते सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी त्याहूनही उशिरा. निर्णय फोटो बघून घेतला जातो आणि कपाटात येते ती कारखान्यातली एक प्रत. या दोहोंमध्ये किती अंतर पडेल याचा आधी अंदाज बांधता येणं हे संग्राहकाचं कसब. अंतर किती पडलं हे नंतर नेमकं सांगता येणं हे रिव्ह्यू लिहिणाऱ्याचं काम.

त्यासाठी समोरची वस्तू कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखावं. गुड स्माइल कंपनीची 'नेन्डोरॉइड' मालिका २००६ मध्ये सुरू झाली. मोठं डोकं, इवलंसं अंग, साधारण १० सेंटिमीटर उंची आणि अदलाबदल करता येणारे चेहरे-हात ही तिची ओळख. पहिला क्रमांक नेको-आर्क या पात्राला मिळाला आणि आज क्रमांक दोन हजारांच्या पुढे गेले आहेत. मॅक्स फॅक्टरीची 'फिग्मा' आणि बंडाईची 'एस. एच. फिगुआर्ट्स' या दोन्ही मालिका २००८ मधल्या. त्यांच्या फिगर्स सांध्यांवर वळतात, म्हणून तिथे रंगापेक्षाही सांधे किती घट्ट आहेत हे महत्त्वाचं. तिसरी जात 'स्केल फिगर'ची. ती एकाच पवित्र्यात स्थिर असते, सांधे नसतात, आणि सगळा भर शिल्पावर व रंगकामावर असतो.

स्केलचं गणित सोपं आहे, तरी नवखे इथेच चुकतात. हात्सुने मिकू या आभासी गायिकेची अधिकृत उंची १५८ सेंटिमीटर. म्हणजे १/८ स्केलची मिकू सुमारे २० सेंटिमीटर, १/७ ची साडेबावीस आणि १/४ ची जवळजवळ ४० सेंटिमीटर भरेल. त्यात तळ, टाचा आणि उडालेल्या वेण्या धरलेल्या नाहीत. मिकूच्या वेण्याच अशा की १/८ मधली फिगरही रुंदीला कपाटाचा अर्धा कप्पा खाऊ शकते. मागणी नोंदवण्यापूर्वी कंपनीने दिलेली उंची, रुंदी आणि खोली ही तिन्ही मापं बघून फळीवर टेप धरावी.

प्राइझ फिगर्सबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण भारतात नव्या संग्राहकाच्या हाती बहुधा त्याच पहिल्यांदा येतात. जपानच्या गेम सेंटरमधल्या क्रेन मशीनमध्ये बक्षीस म्हणून ठेवण्यासाठी त्या बनवलेल्या असतात. बान्प्रेस्टो, ताइतो, फुर्यू ही त्यातली ठळक नावं. बक्षिसाच्या किमतीवर तिथे मर्यादा असते. ती बरीच वर्षं ८०० येनच्या आसपास होती आणि २०२२ मध्ये सुमारे १,००० येन झाली. एवढ्या पैशांत मूर्ती, रंग, खोका सगळं बसवायचं, म्हणून रंगांची संख्या कमी, छटा साध्या आणि तळ साधी काळी चकती. पण मागच्या काही वर्षांत या गटातलं शिल्प फार सुधारलं आहे. दोन फूट अंतरावरून चांगली प्राइझ फिगर महागड्या स्केल फिगरशेजारी शोभून दिसते. कॉलेजच्या खर्चातून संग्रह सुरू करणाऱ्याने हाच रस्ता धरावा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त तिची तुलना वीस-पंचवीस हजार येनच्या स्केल फिगरशी करू नये. गुड स्माइलने २०१९ मध्ये सुरू केलेली 'पॉप अप परेड' मालिका या दोहोंच्या मधली. किंमत आटोक्यात, उंची साधारण १७-१८ सेंटिमीटर, रंगकाम नीटस.

गेमच्या पात्रांसाठी आणखी एक वाट आहे, पॉलिस्टोनच्या मोठ्या पुतळ्यांची. प्राइम वन स्टुडिओ आणि फर्स्ट फोर फिगर्स या कंपन्या त्यासाठी ओळखल्या जातात. पॉलिस्टोन जड आणि ठिसूळ असतं. पडलं की तुकडा उडालाच. पहिल्या वर्षात त्या वाटेला जाऊ नये.

आता शिल्पाकडे. ॲनिमेचं पात्र कागदावर जन्मतं आणि कागदाला मागची बाजू नसते. तेझुका ओसामू यांच्या ॲस्ट्रो बॉयच्या डोक्यावरची केसांची दोन टोकं चित्रात कुठूनही पाहिली तरी दोन्ही दिसतात. घन वस्तूत ते शक्य नाही, म्हणून शिल्पकाराला ती टोकं कुठेतरी एकदाची रोवावी लागतात, आणि मग एखाद्या कोनातून चेहरा अनोळखी वाटू लागतो. बहुतेक ॲनिमे पात्रांचं नाक, हनुवटी, कपाळावरची बट यांचं असंच होतं. त्यामुळे प्रत्येक स्केल फिगरला एक ठरलेला कोन असतो, जिथून ती त्या पात्रासारखी हुबेहूब दिसते. जाहिरातीतला पहिला फोटो बहुधा त्याच कोनातून काढलेला असतो. घेणाऱ्याने तो फोटो सोडून बाजूचे आणि मागचे फोटो आधी बघावेत. तिथेही पात्र ओळखू आलं तर शिल्पकाराचा हात चांगला समजावा. गेमच्या पात्राला ही सबब नाही. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मधला लिंक मुळातच त्रिमितीय आहे. खेळाडूने त्याला शेकडो तास पाठीमागून पाहिलेलं असतं. त्याच्या फिगरची पाठ, खांद्यावरची ढाल आणि पट्टे चुकले तर ते लगेच कळतं.

शिल्पकाराचं नाव बहुतेक वेळा खोक्यावर किंवा उत्पादनाच्या माहितीत छापलेलं असतं. ते वाचायची सवय लावावी. ओसाका भागात १९६४ मध्ये मॉडेलचं दुकान म्हणून सुरू झालेल्या कायोदो कंपनीचे शिल्पकार बोमे यांनी मुराकामी ताकाशी या चित्रकाराच्या 'मिस को-टू' या शिल्पावर काम केलं, आणि फिगरची कला थेट कलादालनात पोहोचली. याच कायोदोने फुरुता कंपनीच्या 'चोको एग' चॉकलेटच्या अंड्यांत १९९९ पासून बोटभर प्राण्यांच्या देखण्या प्रतिकृती घातल्या आणि जपानमध्ये फिगर जमवणं हा मोठ्यांचाही छंद झाला. चिबातल्या माकुहारी मेस्से इथे वर्षातून दोनदा भरणारा 'वंडर फेस्टिव्हल'ही कायोदोच चालवते. तिथे हौशी शिल्पकारांना त्या एका दिवसापुरता पात्राचा परवाना मिळतो आणि ते स्वतः ओतलेले, न रंगवलेले रेझिनचे संच विकतात. आजचे कित्येक नामवंत शिल्पकार याच टेबलांमागून पुढे आले. येत्या वर्षात कोणत्या फिगर्स येणार हेही तिथल्या काचेच्या कपाटांत दिसतं, म्हणून जगभरचे संग्राहक त्या दिवसाच्या फोटोंवर डोळे लावून बसतात.

फिगर हातात आली की काय बघायचं? पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती निवडणारं कुटुंब जसं आधी डोळ्यांची आखणी बघतं, तशीच इथेही सुरुवात डोळ्यांपासून करावी. फिगरचे डोळे सहसा हाताने काढत नाहीत. ते मऊ सिलिकॉनच्या उशीने छापले जातात. आधी एक रंग, मग त्यावर दुसरा, मग पांढरा ठिपका. प्रत्येक छाप आधीच्या छापावर नेमकी बसावी लागते. नेन्डोरॉइडच्या चेहऱ्यावर एक छाप अर्धा मिलिमीटर सरकली तरी नजर तिरळी दिसते. त्यानंतर दोन रंग जिथे भेटतात त्या कडा बघाव्यात, म्हणजे बाहीची किनार, मोज्यांची वरची कड, कपाळावरचे केस. रंग ओघळलाय का, खालचा रंग वर डोकावतोय का? मग पायांच्या कडेने आणि केसांच्या टोकांवरून बोट फिरवावं. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे बारीक उंचवटा राहतो. चांगला कारखाना तो घासून काढतो किंवा कपड्याच्या शिवणीत लपवतो. कातडीचा रंगही सांगून जातो. महाग फिगरच्या गुडघ्यावर आणि कोपरावर फिकट नारिंगी छटा फवारलेली असते. स्वस्तातल्या फिगरला साच्यातून निघालेला एकच रंग असतो आणि तो मेणासारखा चमकतो.

भारतातला सर्वात मोठा धोका मात्र नकली मालाचा आहे. 'ड्रॅगन बॉल', 'वन पीस', 'नारुतो', 'डेमन स्लेयर' यांच्या फिगर्स पाच-सातशे रुपयांत ऑनलाइन आणि रस्त्यावरही मिळतात. त्यातल्या बऱ्याच विक्रेते स्वतःच 'फर्स्ट कॉपी' म्हणून विकतात. ही प्रत कशी बनते ते लक्षात घेतलं की ओळखणं सोपं जातं. मूळ फिगरवरून साचा घेतात, त्यामुळे बारीक रेघा बुजतात, बोटं एकमेकांना चिकटतात, तलवार जाड होते आणि उंची किंचित घटते. रंगांचे थर वाचवलेले असतात. खोका उघडताच रॉकेलसारखा उग्र वास येतो. 'मेड इन चायना' वाचून मात्र घाबरू नये, कारण अस्सल फिगर्सही मोठ्या प्रमाणावर चीनमध्येच बनतात. खोक्यावर उत्पादक कंपनीचं नाव, हक्कधारकाचं नाव आणि सोबत साल आहे का ते बघावं. तोएइ ॲनिमेशनच्या कलाकृतींवरच्या जपानी मालावर, म्हणजे 'वन पीस' आणि 'ड्रॅगन बॉल'च्या फिगर्सवर, तोएइचं मांजराचं होलोग्राम स्टिकर असतं. 'नारुतो'वर ते शोधू नये, ती मालिका स्टुडिओ पिएरोची. आणि विक्रेत्याने कंपनीच्या जाहिरातीतलेच फोटो लावले असतील तर हातातल्या वस्तूचा फोटो मागावा. तो द्यायला टाळाटाळ झाली की विषय संपला.

अस्सल माल थेट जपानमधून मागवता येतो. अमीअमी, हॉबी लिंक जपान, गुड स्माइलचं स्वतःचं दुकान ही भरवशाची नावं. जुन्या मालासाठी मांदाराके. १९८० मध्ये टोकियोच्या नाकानो ब्रॉडवे इमारतीत हे जुन्या मांगाचं दुकान सुरू झालं आणि आज त्याची मोठी साखळी आहे. जपानमध्ये वापरलेली फिगर म्हणजे बहुधा खोक्यातून काढून काचेत ठेवलेली आणि जपून परत ठेवलेली फिगर. अमीअमी वस्तूला आणि खोक्याला वेगवेगळी श्रेणी देते. वस्तू 'ए' आणि खोका 'बी' असेल तर बिनधास्त घ्यावी, बरेच पैसे वाचतात. बंद झालेल्या फिगरसाठी चढी किंमत मोजण्याआधी थोडं थांबावं. लोकप्रिय पात्रांचं उत्पादन कंपन्या पुन्हा काढतात आणि घोषणा झाली की जुन्या मालाचा भाव एका रात्रीत खाली येतो.

किमतीचा हिशेब करताना जकात विसरू नये. भारताने खेळण्यांवरचं मूलभूत सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. वैयक्तिक वापरासाठी आलेल्या पार्सलला लागणारा दर वेगळा असू शकतो आणि तो बदलतही असतो, म्हणून मागणी नोंदवण्याच्या दिवशी सीमाशुल्क विभागाकडचा चालू दर बघावा. फिगर, पाठवणीचा खर्च आणि कर मिळून मूळ किमतीच्या दुपटीच्या जवळ जाणार असं धरूनच बजेट आखावं. कुरियर कंपनी ओळखपत्र मागते, ते आधीच तयार ठेवावं. पावती जपून ठेवावी. विक्रेत्याला किंमत कमी दाखवायला किंवा 'गिफ्ट' लिहायला सांगू नये. पार्सल अडकलं की खऱ्या किमतीची भरपाईही मिळत नाही, आणि ते नियमबाह्य तर आहेच. चार मित्रांनी एकत्र मागणी केली तर पाठवणीचा खर्च विभागला जातो. पण पार्सलची किंमत वाढते आणि कर एकाच्याच नावावर येतो, त्यामुळे हिशेब आधी कागदावर मांडावा.

घरात आल्यावर फिगरचे तीन शत्रू असतात, ऊन, उष्णता आणि कोंदट हवा. बहुतेक फिगर्स पीव्हीसीच्या असतात. तलवारी, तळ, खांब असे कडक भाग एबीएसचे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि फिगर चिकट होते. बंद खोक्यात वर्षानुवर्षं ठेवलेल्या फिगर्सवर हे जास्त दिसतं, तेव्हा 'खोक्यात सुरक्षित' ही समजूत अर्धीच खरी. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून मऊ ब्रशने धुवावं आणि सावलीत वाळवावं. स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात लावू नये, रंग निघून येतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांना बुरशी धरते. खोके जमिनीपासून वर, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. विदर्भात प्रश्न वेगळा. नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत एका पायावर उभी असलेली जड फिगर हळूहळू कलते. उन्हाळ्यापुरतं तिला आडवं करून खोक्यात ठेवणं उत्तम. वाकलेला पीव्हीसीचा भाग कढत पाण्यात मिनिटभर धरून सरळ करता येतो आणि गार पाण्यात घट्ट बसवता येतो. खिडकीसमोरची फळी मात्र कायमची वर्ज्य. उन्हाने गुलाबी फिका पडतो, पांढरा पिवळा होतो, आणि त्यावर उपाय नाही.

आणि आता रिव्ह्यू. खोका उघडतानाचा आनंद खरा असतो आणि तो लिहायला हरकत नाही, पण वाचणाऱ्याला त्याचा उपयोग थोडाच. त्याला हवं असतं ते हे की जाहिरातीतल्या नमुन्यापासून ही प्रत कुठे ढळली. म्हणून कंपनीचा फोटो आणि आपला फोटो एकाच कोनातून शेजारी ठेवावा. फोनची नेहमीची रुंद लेन्स जवळून डोकं फुगवते. थोडं लांब उभं राहून दुप्पट झूमवर फोटो घ्यावा. खिडकीतून येणारा, पडद्याने गाळलेला दिवसाचा उजेड पुरेसा असतो, रंगीत एलईडीच्या झगमगाटात रंगकाम तपासता येत नाही. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, चेहरा नजरेच्या पातळीवरून, आणि तळाचा एक, एवढे फोटो हवेतच. दोष असेल तर त्याचा जवळून एक फोटो आणि नेहमीच्या अंतरावरून एक. भिंगातून दिसणारा डाग फळीवर दिसतो की नाही हे त्यातून कळतं, आणि घेणाऱ्याला तेवढंच ठरवायचं असतं.

नेन्डोरॉइडचा रिव्ह्यू लिहिताना चेहरे बदलून बघितलेच पाहिजेत. पुढचे केस काढायचे, चेहरा उचलायचा, दुसरा बसवायचा. ही क्रिया किती सहज होते, मानेची खुंटी किती घट्ट आहे, लांब वेण्यांच्या वजनाने डोकं मागे पडतं का, मागून कमरेत अडकणारी पारदर्शक दांडी ते वजन पेलते का, हे फोटोत कधीच दिसत नाही. फिग्माचा प्रत्येक सांधा हलवावा आणि गुडघ्यावर बसवून दाखवावं. सांधा अडला तर जोर लावू नये. केस सुकवायच्या यंत्राच्या मंद वाऱ्याने तो आधी सैल करावा.

रिव्ह्यूमध्ये दोन किमती लिहाव्यात, कंपनीची मूळ किंमत आणि कर धरून प्रत्यक्ष मोजलेली रक्कम. निकाल मूळ किमतीवर द्यावा, कारण दलालाने चढवलेल्या भावाचं खापर शिल्पकाराच्या माथी मारणं बरं नाही. फिगर कंपनीकडून किंवा दुकानाकडून फुकट मिळाली असेल तर ते पहिल्याच ओळीत सांगावं. भारतात ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्येच अशा संबंधांचा स्पष्ट उल्लेख करण्याचे नियम घालून दिले आहेत. दहापैकी गुण देण्याचा मोह टाळला तर उत्तम. द्यायचेच तर शिल्प, रंग आणि उभं राहण्याचा भक्कमपणा यांना वेगवेगळे द्यावेत.

फिगर्सचे बहुतेक रिव्ह्यू पहिल्या आठवड्यातच लिहिले जातात. पायाचं कलणं, रंगाचं उतरणं, पृष्ठभागाचं चिकटणं तेव्हा दिसूच शकत नाही. रत्नागिरीच्या एका पावसाळ्यानंतर किंवा अकोल्याच्या एका उन्हाळ्यानंतर ती फिगर कशी आहे हे टोकियोतला समीक्षक सांगू शकणार नाही. ते इथल्या संग्राहकालाच सांगता येईल. तेव्हा रिव्ह्यू मराठीत लिहा, खरेदीची तारीख टाका, आणि वर्षाने त्याच कोनातून पुन्हा फोटो काढून काय बदललं ते जुन्या मजकुराखाली नोंदवा.